पुडी कोणाची?

"खोटं बोलायचं नाही," जयसिंग सर म्हणाले. "वय विचारलं तर चौदा सांगायचं. कोणासाठी विचारलं तर माझ्यासाठी म्हणायचं. नाही म्हणाला तर गुपचूप परत यायचं. हट्ट करायचा नाही, नाटक करायचं नाही. कळलं?"

"कळलं सर. पण त्याने दिलीच नाही तर?"

"तर तो चांगला माणूस. आपण दुसरी टपरी बघू."

राजनंदिनी हसली. पांढरी गाडी कसबा पेठेतल्या एका गल्लीच्या तोंडाशी उभी होती. गाडीच्या दोन्ही अंगांना मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तंबाखूमुक्त पिढी, सुदृढ पिढी'. खाली बारीक अक्षरांत, 'शासकीय अनुदानातून'.

अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी मनावर घेत नाही. म्हणून सरकारने काही संस्थांना अनुदान दिलं होतं. संस्थेने पथक नेमायचं, शाळेजवळच्या दुकानांवर नजर ठेवायची, मुलाला खरोखर तंबाखू विकणारा सापडला की पोलिसांत तक्रार द्यायची. जयसिंग सरांच्या पथकाने वर्षभर प्रभातफेऱ्या काढल्या, भिंती रंगवल्या, शाळांतून शपथा दिल्या. केस मात्र एकही झाली नव्हती. मुलगा टपरीवर गेला की टपरीवाल्याला आधी पथकाची गाडी दिसायची. आता मार्च महिना होता. वर्ष संपायच्या आत एक पक्की केस झाली नाही, तर अनुदानाचा पुढचा हप्ता येणार नव्हता आणि पथक बंद होणार होतं.

म्हणून या वेळी गाडी लांब उभी केली होती आणि मूल लांबून आणलं होतं. राजनंदिनी वारज्याची. कसब्यात तिला कोणी ओळखत नव्हतं. तिच्या शाळेत सरांनी विचारलं तेव्हा सगळ्यात आधी हात तिचाच वर झाला होता. सोबत घरचं मोठं माणूस हवं असा नियम होता. वडील वारल्यापासून घरात मोठा म्हणजे तिचा भाऊ चेतन. तो कुरिअरच्या गाडीवर होता आणि आई ललिता चार घरचा स्वयंपाक करायची. चेतन अर्धा दिवस बुडवून आला होता आणि त्याबद्दल सकाळपासून कुरकुरत होता.

"दादा, तू आधी तोंडातलं थुंक," राजनंदिनी म्हणाली.

"मी अठराच्या वर आहे," चेतन म्हणाला. पण त्याने थुंकून टाकलं. हेल्मेट काखेत धरून तो एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. तिथून टपरी दिसत होती.

शाळा नुकतीच सुटली होती. जवळच्या तांबट आळीतून भांडी ठोकल्याचा आवाज येत होता. टपरीत पोपटकाका सुपारी कातरत बसले होते. पंचावन्न-साठीचा माणूस, डोक्याला रुमाल, गाल आत गेलेले.

"काका, एक तंबाखूची पुडी द्या."

"कोणाची?" काकांनी मान वर केली नाही. अडकित्ता चालूच होता.

राजनंदिनी गोंधळली. सरांनी 'कोणासाठी' सांगितलं होतं. 'कोणाची' म्हणजे काय? तिला वाटलं, एकच असेल.

"माझीच," ती म्हणाली.

अडकित्ता थांबला. काकांनी तिच्याकडे पाहिलं, गणवेशाकडे पाहिलं, दप्तराकडे पाहिलं. अडकित्ता फळीवर ठेवला. फळीखालचं बुटकं दार उघडून ते वाकून बाहेर आले, सरळ झाले आणि त्यांनी तिच्या कानाखाली लगावली.

सगळा हात बसला. राजनंदिनी बाजूच्या भिंतीवर आदळली. कानात शिट्टी वाजायला लागली.

"परत बोल. कोणाची?" काका दात न उघडता बोलत होते. त्यांचं तोंड उघडतच नव्हतं. "हे बघ. बघ इकडे." त्यांनी दोन बोटं स्वतःच्या ओठांत घालायचा प्रयत्न केला. एकच गेलं. "तंबाखूने एवढंच उघडतं. भात चेंदून खातो मी. तुला पाहिजे असं? पाहिजे?"

आणि दुसरी बसली. या वेळी कानातली रिंग त्यांच्या बोटात अडकली आणि पाळी फाटली. गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरवर रक्त ओघळलं.

तोवर चेतन पोचला होता. धावत येता येताच त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी वर उचललं आणि पोपटकाकांच्या डोक्यात मागून घातलं. काका फळीवर पडले. बरण्या खाली आल्या, काच फुटली, पानांवरचं ओलं फडकं घसरलं.

"पोरीवर हात टाकतो? माझ्या बहिणीवर?"

"दादा, थांब! दादा!"

काकांचा हात फळीवर चाचपडत होता. त्यांना अडकित्ता सापडला. चेतनने त्यांना मानेला धरून वळवलं, तेव्हा त्यांनी अडकित्ता त्याच्या डाव्या हातावर मिटला. करंगळीचं पेर तुटून नुसत्या कातडीवर लोंबायला लागलं. चेतनने एकदा हाताकडे पाहिलं. मग तो ओरडला, आणि त्यानंतर तो थांबेचना. हेल्मेट काकांच्या जबड्यावर आलं, पुन्हा आलं, पुन्हा आलं. काका पायरीवर घसरले तरी त्याने मारणं सोडलं नाही. हाड मोडल्याचा आवाज राजनंदिनीला चांगल्या कानाने स्पष्ट ऐकू आला.

जयसिंग सर धावत आले. त्यांनी चेतनला मागून मिठी मारली. चेतनने मागच्या मागे डोकं मारून त्यांचं नाक फोडलं. मग सरांनी त्याला सोडलं, राजनंदिनीला दंडाला धरून ओढत नेलं आणि गाडीत कोंबून बाहेरून दार लावलं.

"खाली वाक. वर बघू नको."

ती वर बघत होती. ठोकल्याचे आवाज बंद झाले होते. तांबट आळीतून माणसं आली, ती हातातले लाकडी हातोडे घेऊनच आली. कोणीतरी विचारलं, "कोण मारतंय पोपटला?" कोणीतरी म्हणालं, "ते तंबाखूवाले." चेतन चार-पाच जणांच्या पायांखाली गेला. एक हातोडा त्याच्या पाठीवर बसला, दुसरा मांडीवर. दोन जण गाडीकडे वळले.

"अनुदानाची गाडी दिसतेय," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "मग काय, आपल्याच पैशाची. फोडा."

पुढची काच एका घावात पांढरी झाली. दुसऱ्या घावात ती राजनंदिनीच्या मांडीवर आली. एका बाईने वरच्या मजल्यावरून तांब्या फेकला, तो टपावर आदळला. मग गाडी डोलायला लागली. माणसं ती उलटवत होती. गाडी कलंडली, तेव्हा आतल्या माहितीपत्रकांचे गठ्ठे तिच्या अंगावर पडले आणि वरच्या खिडकीतून आभाळाचा एक तुकडा दिसायला लागला.

"अरे, आत पोरगी आहे!" कोणीतरी ओरडलं. तेव्हा कुठे हात थांबले. ज्याने काच फोडली होती, त्यानेच तिला खिडकीतून ओढून बाहेर काढलं.

"कोणी मारलं गं तुला?" त्याने तिचा कान बघून विचारलं.

तिने टपरीकडे बोट केलं. तो माणूस वळून टपरीकडे बघायला लागला. पोलिसांची गाडी गल्लीत शिरत होती.

दवाखान्यात तिच्या कानाला टाके घातले. चेतनला आत नेलं होतं, त्याचं पेर काढून टाकावं लागलं. ती बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टर आणि नर्स लगबगीने जात होते आणि त्यांच्या बोलण्यातून तिला कळत होतं. पोपटकाकांना श्वासासाठी नळी घालायची होती आणि तोंड उघडत नव्हतं. आधीच उघडत नव्हतं, आता जबडा तीन ठिकाणी मोडला होता. शेवटी गळ्याला भोक पाडून नळी घातली. जीव वाचला होता, पण बोलता येणार नव्हतं. लिहिण्याइतकी शुद्धही नव्हती.

एक म्हातारी बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. साडीवर काळपट डाग. पोपटकाकांची बायको, इंदुबाई. राजनंदिनीने मार चुकवायला हात वर केले.

"खाली घे हात," इंदुबाई म्हणाल्या. "तूच का ती?"

"हो."

"काय म्हणालीस त्याला?"

"पुडी द्या म्हटलं. ते म्हणाले कोणाची. मी म्हटलं माझीच."

इंदुबाई तिथेच फरशीवर बसल्या आणि त्यांनी तळहाताने स्वतःचं कपाळ बडवून घेतलं. एकदा, दोनदा, आवाज येईपर्यंत.

"माझीच! अगं, आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा आजोबांची म्हणतं. आजोबांची म्हटलं, बाबांची म्हटलं की तो नाव विचारतो आणि ज्याची जी असेल ती देतो. माझी म्हणणाऱ्याला बडवतो. सगळ्या पेठेला माहीत आहे."

"म्हणजे मुलांना देतात ते?"

"रोज देतो. घरचे पाठवतात, तो देतो. पुण्य नाही गं ते, धंदा आहे. त्याला वाटतं निरोप्याला दिली म्हणजे पोराला दिली नाही. तेवढीच त्याची अक्कल." त्यांनी पदराने नाक पुसलं. "खोटं बोलली असतीस तर तुझी केस झाली असती, माझ्या नवऱ्याचं थोबाड राहिलं असतं आणि तुझा कानही राहिला असता. कोणी शिकवलं तुला खरं बोलायला?"

राजनंदिनीने मान वळवून पाहिलं. जयसिंग सर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला नाकाला कापूस लावून फोनवर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारज्याला घरी आले. चेतन कॉटवर पडला होता, हात बँडेजमध्ये, पाठ सुजलेली. रात्री सरांनीच पहिली फिर्याद दिली होती. टपरीवाल्याने अल्पवयीन मुलीला तंबाखू विकली, तिने पैसे देताना तिचा हात धरला, भाऊ सोडवायला गेला, झटापटीत दोघांना लागलं. त्यामुळे चेतनला अजून कोणी धरलं नव्हतं. समोरच्या सराफाच्या कॅमेऱ्यात चेतनची पाठ दिसत होती, टपरीचं तोंड दिसत नव्हतं. आळीतली माणसं नंतर आली होती. पोपटकाका बोलू शकत नव्हते. तेव्हा टपरीवर काय झालं, हे सांगायला राजनंदिनीशिवाय कोणी नव्हतं. तिचा जबाब घ्यायला दुपारी पोलीस बाई घरी येणार होत्या.

"सर, त्यांनी पुडी दिली नाही," राजनंदिनी म्हणाली.

"मला माहीत आहे, बेटा."

"हातही धरला नाही. मारलं."

"मारलं ते सांग ना. ते खरंच आहे. फक्त आधी विकली म्हण." सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. ते नेहमी मुलांशी असेच बसून बोलत. "हे बघ, तो मुलांना विकतो की नाही? विकतो. त्याच्या बायकोनेच सांगितलं, असं तूच काल म्हणालीस. मग आपण काय नवीन सांगतोय? एक केस झाली तर पथक राहील. पथक राहिलं तर किती मुलं वाचतील, विचार कर."

"तुम्हीच म्हणालात खोटं बोलायचं नाही."

"तो टपरीवरचा नियम होता," सर म्हणाले. मग त्यांनाच ते ऐकू आलं असावं. ते उठले, गुडघे झटकले आणि चहा न घेता गेले.

दार लागल्यावर आईने भाकरीचा तवा उतरवला.

"काहून वाद घालते तू त्यायच्याशी? एवढा मोठा माणूस हात जोडून रायला."

"आई, ते काका मरता मरता वाचले. दादाने—"

"दादाने कोणासाठी मारलं?" आई ओरडली. "तुह्यासाठी! त्याले आत टाकलं तर आपल्याले कोण पोसते? तुहा बाप येते का वरून?"

चेतन कॉटवरून उठला. तो हळूहळू चालत आला आणि त्याने चांगल्या हाताने राजनंदिनीचा गळा धरून तिला कपाटावर दाबलं. कपाटाचं दार कुरकुरलं. वरून स्टीलचा डबा पडून चणाडाळ घरभर झाली.

"माझं बोट गेलं," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडी चालवता येणार नाही मला. क्लच कशाने दाबू? बोल की. आणि तू तिथे जाऊन काय सांगणार? माझा भाऊ गुंड आहे?"

तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले होते. तिने त्याच्या मनगटाला नखं लावली. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं.

"विकली म्हणशील. म्हण. विकली."

"सोड तिले!" आईने मागून लाटणं त्याच्या पाठीवर घातलं, जिथे हातोडा बसला होता तिथेच. त्याने कळवळून गळा सोडला. राजनंदिनी डाळीवर गुडघ्यांनी पडली आणि खोकत राहिली.

"मारून वदवून घेऊ नको तिच्याकडून," आई धापा टाकत म्हणाली. "ते पोलीस बाई आंधळी हाय का? गळ्यावर बोटं दिसतीन."

आईने तिच्या गळ्याभोवती ओढणी गुंडाळली आणि डाळ सुपात भरली.

पोलीस बाईंचं नाव पायल होतं. साध्या सलवार-कमीजमध्ये आल्या होत्या, वयाने चेतनपेक्षा जेमतेम मोठ्या. दारात एक हवालदार थांबला. पायल मॅडम खाली सतरंजीवर बसल्या, त्यांनी पाणी मागून घेतलं आणि राजनंदिनीला तिची शाळा विचारली, इयत्ता विचारली, आवडता विषय विचारला. मग म्हणाल्या, "घाई नाही. जे झालं ते तुझ्या शब्दांत सांग. फिर्यादीत काय लिहिलंय ते विसर."

आई दाराला टेकून उभी होती. चेतन कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण त्याचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता.

"मी पुडी मागितली," राजनंदिनी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

"मग?"

"त्यांनी दिली नाही."

कॉट करकरली. आईने डोळे मिटले.

"माझ्यासाठी मागितली म्हणून त्यांनी मला मारलं. दोनदा. त्यात कान फाटला. हात वगैरे धरला नाही. मग दादाने हेल्मेट मारलं. मागून, डोक्यात. त्यानंतर त्यांनी अडकित्ता चालवला. आधी नाही. ते खाली पडल्यावरही दादा मारत होता."

पायल मॅडम लिहीत होत्या. "म्हणजे तो माणूस मुलांना तंबाखू विकतच नाही?"

"विकतात. घरच्यांसाठी मागितली की विकतात, रोज. त्यांच्या बायकोने सांगितलं. मला फक्त दिली नाही."

मॅडमनी मान वर केली. "दोन्ही लिहू? याने त्याचंही दुकान जाईल आणि तुमचंही—" त्यांनी कॉटकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

"दोन्ही लिहा."

चेतन उठला तो सरळ तिच्यावरच आला. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला मागे खेचलं आणि तिचं डोकं फरशीवर आपटलं. ओढणी सुटली. पायल मॅडमनी गळ्यावरची काळी-निळी बोटं पाहिली, उठता उठताच त्याच्या कानशिलावर कोपर मारलं आणि त्याचा बँडेजचा हात पाठीमागे पिळला. तो गुरासारखा हंबरला. हवालदार आत आला, त्याने चेतनच्या पाठीत गुडघा घालून त्याला जमिनीला चिकटवलं. बँडेज लाल झालं.

"सोडा त्याले! त्याचा हात हाय तो!" आई हवालदाराच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. हवालदाराने तिला नुसतं बाजूला ढकललं. तिने पुन्हा येऊन बुक्क्या मारल्या. चेतनला उभं केलं, जिन्याने खाली नेलं, तेव्हाही ती कठड्याशी उभी राहून ओरडत होती. खालच्या मजल्यावरची दारं उघडली, आणि कोणी काही विचारायच्या आत मिटली.

पायल मॅडम परत वर आल्या. राजनंदिनीच्या डोक्याला मागे टेंगूळ आलं होतं, ते त्यांनी बोटांनी चाचपलं. "दवाखान्यात नेते हिला. तुम्ही चला, ताई."

"पाच मिनिटं," आई म्हणाली. "कपडे बदलते तिचे."

मॅडम खाली थांबल्या. आईने दार लावलं. ती राजनंदिनीपुढे आली आणि तिने हात उगारला. राजनंदिनी मागे सरकली नाही. पहिली चापट खांद्यावर बसली. मग दंडावर, पाठीवर. आई रडत नव्हती, दात आवळून मारत होती, आणि प्रत्येक फटक्यागणिक तिचा हात हलका पडत होता.

"मार," राजनंदिनी म्हणाली. "पण मी बदलणार नाही."

"बदलू नकोच!" आईने तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. "ऐकून घे. ते सर येतीन, गोड बोलतीन. चेतन आतून निरोप पाठवीन. मामा येईन गावाहून. तो टपरीवाला उद्या मेला तर पोराले फाशीच देतीन असं लोक सांगतीन, अन् मग मीच तुह्या पाया पडीन. मले माहीत हाय, मी पडीन. तरी फिरवू नको. आता शब्द फिरवला तर तो सुटून येईन अन् पुढच्या वेळी तुलेच मारून टाकीन."

तिने राजनंदिनीचा मळलेला कुर्ता डोक्यावरून काढला, धुतलेला घातला. कानाच्या टाक्यांना कापड लागू नये म्हणून गळा ताणून धरला. मग स्वतःचे पाय चपलेत सरकवले आणि दार उघडलं.

"चल," ती म्हणाली. "माह्या पुढं चाल."